रखमाजीचा पाय

हिरडेवाडीच्या माणसाला ‘रखमाजीचा पाय’ म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. बाहेरच्याला सांगावं लागे. लोणावळ्याहून लोहगडाच्या अंगाला निघालं की तासाभराच्या वाटेवर ही लहानशी वाडी. मावळातला पावसाळा ज्यानं काढला आहे त्याला ठाऊक आहे, की इथं बांध टिकत नाही आणि बांधावरचा दगडही टिकत नाही. आषाढात एकाच्या खाचरात असलेला हद्दीचा दगड भाद्रपदात दुसऱ्याच्या खाचरात सापडतो आणि सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडायला निघतात. अशा वेळी वाडीची एक रीत होती. ज्याच्या बोलण्यात कधी खोट निघाली नाही असा एखादा जुना माणूस पायातलं काढून ठेवी, त्याच जागेची मूठभर माती उपरण्याच्या टोकाला बांधून खांद्यावर टाकी आणि तोंडातून चकार शब्द न काढता हद्दीवरून चालत जाई. पंचांनी मागून बघत यायचं. तो चालला ती शीव. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

आधी रखमाजीचा बाप अंबाजी असा चालायचा, त्याच्यामागं रखमाजी चालू लागला. एकदा तर रखमाजीच्याच वावराचा तंटा निघाला. शेजारचा गेणू म्हणाला, दुसरा कुणी नको, रखमाजीआबाच चालू द्या. रखमाजी चालला आणि स्वतःच्या भाताची चांगली हातभर पट्टी गेणूच्या पदरात घालून घरी आला. त्याची बायको बयाबाई कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. “देवानं पाय दिलं, अक्कल द्यायचं इसरला,” एवढंच ती भाकरी थापता थापता भिंतीला सांगे. पण तेव्हापासून आसपासच्या वाड्यांतूनही रखमाजीला बोलावणं यायला लागलं, आणि गेणू तर जन्माचा त्याचा झाला.

आणि अशा माणसाचे पायच गेले. तरुणपणी वळवणच्या धरणाच्या कामावर त्यानं दगड वाहिले होते, पुढचं आयुष्य खाचराच्या चिखलात गेलं, आणि साठीच्या आसपास दोन्ही गुडघ्यांनी एकदमच मान टाकली. उठायचं तर खांब धरून, बसायचं तर खांब धरून. मुलानं बैल हाती घेतले, सुनेनं अंगणात घोंगडी टाकून दिली, आणि म्हाताऱ्यानं आता तिथं बसून कोंबड्या हाकाव्यात असं कुणी न बोलताच ठरून गेलं. रखमाजी चिडका झाला. कोंबड्यांवर चिडे, सुनेवर चिडे, आणि भोवती कुणी नसलं की आपल्याच गुडघ्यांना शिव्या देत बसे.

त्याच सुमाराला वाडीच्या गायरानाला लागून त्र्यंबकरावांचा बंगला उभा राहिला. हे मुंबईला मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनियर. पेन्शन घेऊन हवा खायला लोणावळ्याला आलेले. मूल नाही, बाळ नाही, बायको वारलेली. काळजाभोवती चरबी धरली आहे, रोज दोन-तीन मैल पायी फिरा आणि चार माणसांत राहा, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. नुसतं फिरायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी मुंबईहून गोल्फच्या काठ्या मागवल्या आणि एके दिवशी वाडीत येऊन परवानगी मागितली. दिवाळीनंतर गवत कापून झालं की गायरानात सहा ठिकाणी चेंडू घालायचे गल खणीन, शेजारी निशाणं रोवीन, बाकी गुरांना हटकणार नाही आणि झऱ्याला हात लावणार नाही, असं ते म्हणाले.

झऱ्याचं इथंच सांगून टाकायला हवं. गायरानाच्या मध्यावर एका जुन्या उंबराखाली तो होता. मावळात एवढा पाऊस कोसळतो, तरी चैत्र-वैशाखात ओढ्यांत खडखडाट होतो. त्या दोन महिन्यांत वाडीची माणसं आणि गुरं त्या एका झऱ्यावर जगत. तो आटला किंवा गेला, तर बायांना थेट नदीपर्यंत उतरावं लागलं असतं आणि हंडे घेऊन तेवढंच चढावं लागलं असतं. म्हणून वाडीनं त्र्यंबकरावांशी बोलायला दुसऱ्या कुणाला न पाठवता रखमाजीला पाठवलं. तो काठी टेकत, कण्हत, कसाबसा गायरानापर्यंत गेला.

“झऱ्याचं कबूल आसंल तर खेळा रावसाब,” तो म्हणाला. “पर ह्या वयात ह्यो पोरखेळ कशापायी?”

“डॉक्टरचं औषध आहे. तूही एक डोस घेऊन बघ,” असं म्हणून त्र्यंबकरावांनी त्याची काठी काढून घेतली आणि आपली लोखंडी टोकाची काठी त्याच्या हातात दिली.

आता रखमाजी लहानपणी विटीदांडूत कुणाला ऐकत नसे. त्यानं चेंडूकडं एकदा पाहिलं, आजूबाजूला वाडीचं कुणी नाही ना ते पाहिलं, आणि असा टोला हाणला की चेंडू थेट पलीकडच्या कारवीच्या झुडपांत जाऊन पडला. “वा! आता जा, घेऊन ये,” त्र्यंबकराव म्हणाले. रखमाजी रागारागानं गेला, कारवी धुंडाळली, चेंडू घेऊन परत आला. आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपली टेकायची काठी रावसाहेबांच्याच हातात राहिली आहे.

त्या दिवसापासून तो जायला लागला. पहिले काही दिवस एका गलापर्यंत जाऊन उंबराखाली बसे, मग दोन, मग तीन. पौषाच्या थंडीत सहाच्या सहा गल फिरून तो घरी आला आणि अंगणातली घोंगडी त्यानं स्वतःच झटकून वळचणीला टाकली. गुडघे मोकळे झाले, भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. घरात चिडणं बंद झालं म्हणून सुनेनं देवाला नारळ फोडला. बयाबाईला तेवढं कळेना की ही काय भानगड आहे.

“दोन थेरडी काठ्या घिऊन चेंडवामागं हिंडत्यात. गुरं बी हासत्यात तुमाला,” ती म्हणे.

“हासू दे. गुरांचं गुडगं दुकत न्हाईत,” रखमाजी म्हणे.

पुढच्या हंगामात तिसरा गडी मिळाला. लोणावळ्याचा इनायत रेल्वेत गार्ड होता. घाटात आयुष्य काढून तो नुकताच पेन्शनीत निघाला होता. घरी त्याची बायको खुर्शीदा त्याला उठता बसता म्हणायची, की गाडी सुटायची वाट बघत बसल्यासारखे दारात बसू नका, कुठंतरी जा. तो फिरत फिरत गायरानात आला आणि अडकला. मग तिघांचं जमलं. रोज दुपार कलली की तिघे खेळत, आणि खेळ संपला की उंबराखाली बसून त्र्यंबकरावांच्या थर्मासातला चहा पीत. खेळाचे कायदे विलायतेचे, पण गायरान मावळचं. म्हणून चेंडू शेणात पडला तर पुसून शेजारी ठेवायची मुभा रखमाजीनं घातली, आणि कावळ्यानं उचलून नेला तर तो टोला धरायचा नाही ही इनायतनं. दुसरा मारत असेल तेव्हा बोलायचं नाही, हा कायदा मात्र त्र्यंबकरावांचा, आणि तो कडक. इनायतला तोच सगळ्यात जड जाई. तिघांच्या पोटातलं तिथं ओठांवर येई. सुनांची गाऱ्हाणी, दुखणी, मेलेली माणसं, सगळं. त्र्यंबकराव एकदा आपल्या बायकोची आठवण काढून रडले होते आणि रखमाजीनं आपल्या उपरण्यानं त्यांचे डोळे पुसले होते.

कधी कुणास ठाऊक, त्र्यंबकराव त्याला ‘तू’ म्हणायचे ते ‘तुम्ही’ म्हणायला लागले. रखमाजीनं घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही, पण त्याला ते फार गोड लागलं होतं. आपला पाय गावानं मानला, पण आपला माणूस म्हणून आपल्याला कुणी असं हाताशी धरलं नव्हतं, असं त्याला वाटे. त्र्यंबकरावांसाठी त्यानं जीव टाकला असता.

अशीच पाच-सहा वर्षं गेली. एका माघात उंबराखाली चहा पिताना त्र्यंबकरावांनी सहज विचारलं, “रखमाजी, तुमच्या पायाची एवढी महती ऐकतो, ती रीत आहे तरी काय?”

वाडीबाहेरच्या माणसापाशी रखमाजी या गोष्टीबद्दल कधी बोलला नव्हता. पण ज्याच्याबरोबर इतकी वर्षं चाललो तो परका कसा, असं त्याचं मन. त्यानं सगळं सांगितलं. अनवाणी का, मुकं का, माती कशी घ्यायची, गाठ कशी मारायची. उपरण्याचं टोक घेऊन गाठ मारूनही दाखवली. त्र्यंबकरावांनी ती सोडवली आणि तशीच पुन्हा मारून पाहिली. इनायत हसून म्हणाला, “रावसाहेब, तुमी आता हिरडेवाडीचेच झाला.”

त्या साली पावसानं बंगल्याच्या मागचे हद्दीचे दगड नेले होते. बंगल्याचं आवार संपतं तिथं निवडुंगाची रांग होती आणि तीच खरी शीव, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण सरकारी दगड पुन्हा रोवायचे तर मोजणीवाले साहेब यायचे होते, आणि या भागात दगडांचा पत्ता नसला की ते गावचा जुना माणूस चालवून बघत. साहेब आले की वाडी आपल्याला बोलावणार, हे रखमाजीला माहीत होतं. तो वाट बघत होता.

फाल्गुनात एका सकाळी त्र्यंबकरावांचा निरोप आला, की आज पाहुणे आहेत, दुपारी न खेळता आत्ताच खेळू. रखमाजी गेला. इनायत आधीच आला होता. डोक्यावर टोपी, हातात छत्री असे एक गृहस्थ बंगल्याच्या पायरीवर सरबत पीत उभे होते. “हे आमचे पाहुणे, आपला खेळ बघायला आलेत,” त्र्यंबकराव म्हणाले. “मोठे शिस्तीचे आहेत. आज पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी बोलायचं नाही हं. इनायतभाई, तुम्हाला विशेष सांगतो.” तिघे हसले.

रखमाजीच्या पायात त्र्यंबकरावांनीच दिलेले कापडी बूट होते. “ते काढा. आज मीही अनवाणीच खेळतो, दवात पाय भिजले की डोकं शांत राहतं,” असं म्हणून त्यांनी आपले बूट आधी काढले. पहिला टोला मारायला चेंडूखाली चिमूटभर ओली माती घालून उंचवटा करावा लागतो. त्यासाठी दर ठिकाणी एक मातीचा डबा ठेवलेला असे. आज डबे नव्हते. “गड्यानं भरलेच नाहीत,” त्र्यंबकराव म्हणाले. खाली वाकून त्यांनी मूठभर माती उचलली, रखमाजीच्या उपरण्याचं टोक धरलं आणि गाठ मारून दिली. “तुमची राहू द्या. आपण माझ्या रुमालातली वापरू. संपली तर तुमची घेऊ.”

गाठ खांद्यावर आली तेव्हा रखमाजीला कुठंतरी टोचलं. हे खोटं सांगता येणार नाही, टोचलं. पण समोर त्र्यंबकराव उभे होते, ज्यांचे डोळे आपण पुसले ते. असल्या माणसाबद्दल मनात वाकडं आणलं म्हणून रखमाजीला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यानं काठी उचलली.

त्या दिवशी खेळाची वाटही नवीन होती. गल नव्यानं खणायचे आहेत म्हणून रोजच्या वाटेनं न जाता गायरानाच्या पार पलीकडच्या कडेनं, फुटक्या कातळापासून म्हसोबाच्या धोंड्यापर्यंत खेळायचं ठरलं होतं. मागून पाहुणे छत्री टेकत येत होते, आणि त्यांच्या मागून बंगल्यावरचा गडी घमेल्यातून चुना टाकत येत होता. नव्या गलांच्या खुणा असतील, असं रखमाजीला वाटलं. तो खुशीत होता. चेंडू सरळ जात होता, गुडघे तेल दिल्यासारखे चालत होते, आणि त्र्यंबकरावांचा टोला आज सारखा चुकत होता. एकदाही ते असे हरले नव्हते. रखमाजीनं शेवटच्या टोल्यात चेंडू म्हसोबाच्या धोंड्याला भिडवला आणि आनंदानं त्यांच्याकडं पाहिलं. त्र्यंबकरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मागं, चुन्याच्या रेघेच्या अलीकडं, बंगल्याच्या बाजूला, उंबर होता आणि उंबराखाली झरा होता.

दुसऱ्या दिवशी इनायत धापा टाकत वाडीत आला. लोणावळ्याच्या बाजारात त्याला ते छत्रीवाले पाहुणे भेटले होते.

“आबा,” तो म्हणाला, “ते मोजनीवालं साहेब व्हते. मला म्हनले, तुमच्या म्हाताऱ्याची रीत बघून बरं वाटलं, अनवानी, मुका, माती बांधून चालला, अशी मानसं आता ऱ्हायली न्हाईत. चुन्याची रेघ ती शीव म्हनून धरलीया त्यांनी. काठी टेकल्याबिगर चालवत न्हाई म्हाताऱ्याला, म्हनून हातात काठी, चेंडू मारत जायाचं ती बी रीत, आन् आमी दोगं पंच, आसं रावसाहेबांनी त्यांना सांगितलंवतं.”

बयाबाई चुलीपुढून उठून दारात आली. रखमाजीनं खुंटीवरची खेळाची काठी काढली आणि तो बंगल्याकडं निघाला. इनायत मागून येत होता, त्याला त्यानं हातानंच थांबवलं.

त्र्यंबकराव ओसरीवर पेपर वाचत होते.

“रावसाब, काल ह्यो खेळ व्हता का चालनं व्हतं?”

“बस रखमाजी. चहा घे,” ते म्हणाले. त्यांचं ते ‘घे’ ऐकलं तेव्हाच रखमाजीला सगळं कळलं. पुढचं ऐकायची गरजही नव्हती.

“तुमी मला इचारलं, मी सांगितलं. सक्क्या भावाला सांगावं तसं सांगितलं. आन् तुमी त्याच गाठीनं मला बांदलं?”

“हे बघ, शीव कुठली ते मी साहेबांना सांगितलंच नाही. तू चाललास, त्यांनी पाहिलं. मला बागेला पाणी हवं, पुढं इथं पाहुण्यांसाठी आणखी दोन बंगले बांधायचे आहेत. वाडीला नदी आहेच की.”

“मी चेंडवामागं चाललो रावसाब.”

त्र्यंबकरावांनी पेपर बाजूला ठेवला. त्यांना राग आला होता, आणि तो राग खरा होता, हे सगळ्यात वाईट. “आणि चालता कुणामुळं झालास? मी आलो तेव्हा तू कोंबड्या हाकत बसला होतास. हे पाय मी उभे केले. इतक्या वर्षांत एकदा माझ्या उपयोगी पडले, तर एवढं काय आकाश कोसळलं?”

शत्रूनं मारलं असतं तर रखमाजीनं शिवी हासडली असती, दगड उचलला असता. पण हा शत्रू नव्हता. तो माणूस मुद्दाम हरला होता, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. कालचा आपला आनंद आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं काठी पायरीवर ठेवली आणि तो उतरला.

वाडीनं साहेबांना पुन्हा बोलावून आणलं. साहेब सज्जन होते, आले. सगळी वाडी निवडुंगापाशी जमली. रखमाजीनं पायातलं काढलं, माती बांधली आणि तो खऱ्या शिवेवरून, निवडुंगाच्या रांगेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत मुकाट चालत गेला. त्याची मान एकदाही वर झाली नाही. मागून बायका, पोरं, म्हातारी सगळी चालत होती, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

चालणं संपल्यावर साहेब म्हणाले, “आबा, परवा तुम्हाला मी माझ्या डोळ्यांनी चालताना पाहिलं. असंच अनवाणी, असंच मुकाट, अशीच माती बांधून. मी कुठलं खरं धरू?”

“आजचं.”

“मग परवाचं खोटं?”

आता काय सांगणार? खेळ होता म्हणावं, तर माती कशाला बांधली? बूट कशाला काढले? इनायत पुढं होऊन तावातावानं सांगू लागला, पण साहेब त्याला म्हणाले, तुम्हीही तिथं होता, तेव्हा का नाही बोललात? न बोलण्याचा कायदा इनायतनं जन्मात त्या एकाच दिवशी पुरता पाळला होता.

“व्हय,” रखमाजी म्हणाला. “परवाचं खोटं.”

सगळ्या वाडीनं ऐकलं. साहेबांनी मान हलवली. “जो पाय एकदा खोटा चालला, त्याच्या दुसऱ्या चालण्यावर मला विसंबता येत नाही आबा. माझा नाइलाज आहे,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा नाइलाज असावा. चुन्याच्या रेघेवर दगड रोवले गेले. पावसाळ्याआधी तारा आल्या. उंबर आणि झरा तारांच्या आत गेला, आणि पुढच्या चैत्रात हिरडेवाडीच्या बाया हंडे घेऊन नदीकडं उतरायला लागल्या.

वाडी रखमाजीला वाकडा शब्द म्हणून बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं. वर्षभरानं गेणूच्या आणि दुसऱ्या एकाच्या बांधाचा तंटा निघाला. रखमाजी अंगणात बसला होता. त्यानं उपरणं खांद्यावर घेतलं, पायातलं काढून ठेवलं आणि तो वाट बघत बसला. गेणू समोरून गेला. ज्याच्या पदरात रखमाजीनं स्वतःची पट्टी घातली होती तो गेणू. त्याच्या मागून लोणावळ्याहून आलेला माणूस होता आणि त्या माणसाच्या खांद्यावर मोजणीची साखळी होती. गेणू थांबला, खाली बघत म्हणाला, “आबा, तुमी कशाला तरास घेता ह्या वयात?” आणि पुढं गेला. रखमाजीनं वहाणा पुन्हा पायात घातल्या.

इनायत तेवढा यायचा. गायरानात त्यानंही पुन्हा पाऊल टाकलं नाही. दुपार कलली की लोणावळ्याहून चालत वाडीत यायचा आणि दोघे अंगणात बसायचे. खेळाबद्दल बोलत नसत. तारांपलीकडून कधी टोल्याचा आवाज आला, तर इनायत मोठ्यानं काहीतरी भलतंच बोलायला लागे.

आणि रखमाजीचे पाय? ते मात्र ठणठणीत राहिले. ऐंशीच्या घरात गेला तरी त्यानं पुन्हा काठी धरली नाही. दर उन्हाळ्यात रोज पहाटे बयाबाईच्या वाटणीचा हंडा तो खांद्यावर घेई, नदीपर्यंत उतरे आणि भरलेला घेऊन ती चढण चढून येई. जवान गडी मध्ये दम खायला बसत, हा बसत नसे. वाटेत बायांना गाठलं की त्या बाजूला होऊन वाट देत, आणि बोलणं थांबवत.

एकदा असाच तो वर आला, हंडा उतरवून ठेवला आणि उंबऱ्यावर टेकला. बयाबाईनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. परातीत ऊन पाणी आणलं आणि त्याच्या पायांपाशी बसली. रखमाजीनं पाय मागं घेतले.

“नगं बये,” तो म्हणाला. “ह्यांच्यावर पानी नगं घालूस. त्या दिशी येकदा, येकदा जरी गुडगा आखडला आसता, तर मी म्हसोबापातूर गेलोच नसतो.”